अपडेट अडकलं की आधी हात मागे घे

अगं, प्रिंटरच्या पडद्यावरची पट्टी अर्ध्यावर अडकली की सगळं ऑफिस तुझ्याकडेच का बघतं, ते मला माहीत आहे. यंत्राजवळ शेवटी जी उभी असते, तिच्याच नावावर बिल फाटतं. त्यात जुलैअखेर, सीएचं ऑफिस, बाहेर रिटर्नवाली मंडळी ताटकळलेली. मग कुणीतरी शहाणा म्हणतोच, "एकदा बंद करून चालू करा ना!" त्याचं अजिबात ऐकू नकोस.

फर्मवेअर म्हणजे प्रिंटरच्या चिपवर बसवलेलं त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर. अपडेट चालू असताना त्याच चिपवर नवं लिहिणं सुरू असतं, आणि नेमकी तेव्हा वीज तोडलीस तर धड जुनं राहत नाही, धड नवं बसत नाही. म्हणून पट्टी हलली नाही तरी निदान अर्धा तास थांब. तासभर गेला तरी बिघडत नाही. लोकांना सांग, प्रिंट बाहेरून काढून आणा.

एवढं थांबूनही काही हललं नाही, किंवा मध्येच लाइट गेली, तरी "प्रिंटर मेला" असं कुणाला म्हणू देऊ नकोस. यंत्राला जागं करणारा छोटा प्रोग्राम, बूटलोडर, बहुतेक प्रिंटरांत वेगळ्या जागी असतो आणि अपडेट सहसा त्याला हात लावत नाही. तो शाबूत असेल तर नवी फाइल घ्यायला यंत्र तयार असतं.

पण त्याआधी एक शंका घे. बिघाड खरंच फर्मवेअरचा आहे का? नेटवर्कची केबल काढ, यूएसबी काढ, आणि प्रिंटर एकटा चालू करून बघ. नीट उठला तर दोष बहुधा रांगेत अडकलेल्या एखाद्या फाइलचा. एचपीच्या लेझरजेटवर ४९ ने सुरू होणारा एरर कितीदा तरी अशाच एखाद्या खराब पीडीएफमुळे येतो. प्रिंटर चालू झाला की तीच फाइल पुन्हा त्याच्याकडे जाते आणि तो पुन्हा आडवा होतो. तेव्हा कम्प्युटरवर प्रिंट स्पूलर बंद कर, विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरात 'प्रिंटर्स' आहे ते रिकामं कर आणि स्पूलर परत चालू कर. सर्व्हिसवाला येऊन हेच करतो आणि व्हिजिटचे पैसे घेतो, तुला सांगते.

एकट्यानेही उठला नाही, तर मात्र यूएसबी केबल शोध, ती चौकोनी तोंडाची. वायफायवरून हे काम करायला जाऊ नकोस. एप्सनच्या पडद्यावर 'रिकव्हरी मोड' आलं असेल तर नेटवर्कवरून अपडेट होतच नाही. कम्प्युटर केबलनेच जोडावा लागतो. एचपीच्या काही लेझरजेट प्रो मॉडेलांवर 'रेडी २ डाउनलोड' असं दिसतं. ते वाचून घाबरायचं नाही, यंत्र फाइलची वाट बघतंय एवढाच त्याचा अर्थ. मोठ्या, एंटरप्राइझ वर्गातल्या एचपी मशिनांत चालू होतानाच प्रीबूट मेनू उघडता येतो आणि एफएटी३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवरून फाइल देता येते. त्या मेनूत 'पार्शियल क्लीन' आणि 'फॉरमॅट डिस्क' असे दोन पर्याय दिसतील. पहिल्यात फर्मवेअरची राखीव प्रत शिल्लक राहते, दुसऱ्यात तीही जाते. अंदाजाने दुसरा दाबलास तर फाइल हाताशी असल्याशिवाय गाडी पुढे सरकणार नाही, बाई.

फाइल घेताना प्रिंटरच्या मागचा स्टिकर वाच. पुढे छापलेल्या नावावर जाऊ नकोस. एका आकड्याचा किंवा शेवटच्या दोन अक्षरांचा फरक असला तरी फाइल वेगळी असू शकते. आणि ती कंपनीच्या साइटवरूनच घे. गूगलवर 'प्रिंटर कस्टमर केअर' शोधून मिळालेल्या नंबरवर फोन करू नकोस. त्यातले कितीतरी नंबर भामट्यांचे असतात. तुझ्या कम्प्युटरचा ताबा मागतात, आणि तुमच्याकडे तर अशिलांचे पॅन, बँकखाती, सगळंच पडलेलं.

प्रिंटर उठला, आता तरी सुटलो, असं वाटेल. तेवढ्यात चार टेबलांवरून "ऑफलाइन दाखवतोय" अशी ओरड होईल. रिसेटमध्ये आयपी पुसला गेला असेल तर राउटर नवा देतो आणि सगळे कम्प्युटर जुन्याच पत्त्यावर फाइली पाठवत बसतात. जुना आयपी परत घाल आणि राउटरमध्ये तो राखून ठेव. स्कॅन-टू-मेलचं सेटिंग आणि अ‍ॅड्रेस बुकही तपास. म्हणूनच म्हणते, यापुढे अपडेटच्या आधी कॉन्फिगरेशन पेज छापून फाइलला लावत जा. त्यावर आयपी आणि फर्मवेअरची आवृत्ती, दोन्ही असतं.

साहेबांना मात्र लगेच आणि सरळ सांग. दोष तुझाच असतो असं थोडंच आहे? २०२३ च्या मे महिन्यात एचपीच्या ऑफिसजेट प्रो ९०२० मालिकेतले कितीतरी प्रिंटर कंपनीच्याच अपडेटनंतर निळ्या पडद्यावर ८३सी००००बी हा कोड दाखवत बसले होते. त्यात वापरणाऱ्यांनी काय चूक केली होती? तुमच्याकडे रिफिलचं टोनर असेल तर आणखी एक ध्यानात ठेव: अपडेटनंतर प्रिंटर कधीकधी परक्या चिपचं टोनर घेत नाही. ते फसलेलं अपडेट नव्हे, कंपनीने मुद्दाम घातलेली अट आहे. मला विचारशील तर ती लबाडीच.

ऑटो-अपडेट बंद ठेव, पण अपडेट करूच नकोस असं मी म्हणत नाही. नेटवर्कवरच्या यंत्राला सुरक्षेची ठिगळं लागतातच. शनिवारी संध्याकाळी, काम संपल्यावर, केबल लावून कर. आणि वीज जाईल या भीतीने लेझर प्रिंटर कम्प्युटरच्या छोट्या यूपीएसला जोडू नकोस. त्याचा फ्यूजर तापताना ओढतो तेवढा भार त्या यूपीएसला झेपत नाही.

एवढं करूनही काही झालं नाही, तर लॉजिक कार्ड बदलायचा विषय निघेल. आधी वॉरंटीची तारीख बघ. ती संपली असेल तर लेखी कोटेशन घे, त्याच मॉडेलच्या नव्या प्रिंटरची किंमत शेजारी लिही आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेव. तो निर्णय त्यांचा, तू अंगावर घेऊ नकोस.