सव्वापाच लाख ओळी आणि फिरती तबकडी

नाशिकला गंगापूर रोडवरील आमच्या महाविद्यालयाच्या गच्चीवर मुलांनी तापमान व आर्द्रता नोंदणारे एक यंत्र बसवले होते. दर मिनिटाला एक नोंद. वर्षाच्या नोंदी किती? ३६५ × २४ × ६० = ५,२५,६००. त्या एका साध्या फाइलमध्ये साठत गेल्या. वर्षअखेर त्या रिलेशनल डेटाबेसमध्ये भरायच्या ठरल्या. माहिती ओळी व स्तंभ असलेल्या तक्त्यांत ठेवण्याची ही पद्धत एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. भरणी सुरू झाली आणि संपायला तब्बल १०० मिनिटे लागली!

मुले म्हणाली, "सर, संगणक जुना झाला." पण दोष देण्यापूर्वी हिशेब करू या. एक ओळ सुमारे ६० बाइटची धरली, तर एकूण माहिती सुमारे ३ कोटी १५ लाख बाइट होते. आमची तबकडी सलग लिहिताना सेकंदाला १० कोटी बाइट सहज लिहिते. म्हणजे काम अर्ध्या सेकंदाचेही नाही. मग १०० मिनिटे गेली कुठे?

समजा, तुम्हांला हजार पत्रे रजिस्टर करायची आहेत. प्रत्येक पत्रासाठी तुम्ही पोस्टात वेगळी खेप घातली आणि पावती घेऊन घरी आलात, तर दिवस जाण्यायेण्यातच सरेल. आमचा संगणक नेमके हेच करीत होता. डेटाबेसमध्ये 'व्यवहार पक्का झाला' असे म्हणण्यापूर्वी ती नोंद तबकडीवर खरोखर उतरावी लागते. आम्ही प्रत्येक ओळ हा स्वतंत्र व्यवहार केला होता.

आमची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एक नोंद लिहून पक्की होईपर्यंत पुढची जागा लेखनशीर्षाखालून निघून गेलेली असते. ती परत येण्यास जवळजवळ एक फेरा थांबावे लागते. म्हणून सेकंदाला फार तर १२० ओळी! ५,२५,६०० ÷ १२० = ४,३८० सेकंद, म्हणजेच ७३ मिनिटे. हा वेळ कामाचा नाही, वाट पाहण्याचा आहे.

आम्ही हजार ओळींचा एक व्यवहार केला. वेळ १०० वरून २८ मिनिटांवर आला. हिशेब बरोबर निघाला.

उरलेल्या वेळाचे काय? तक्त्याला आम्ही तीन सूच्या जोडल्या होत्या. ग्रंथालयात लेखकवार व विषयवार कार्डे असतात ना, तशाच. प्रत्येक नव्या ओळीसाठी तिन्ही सूच्यांत योग्य जागा शोधून नोंद घुसवावी लागत होती. सूच्या काढून टाकल्या, ओळी भरल्या आणि शेवटी सूच्या एकदाच तयार केल्या. वेळ ६ मिनिटे झाला. अखेर ओळीओळीची आज्ञा सोडून घाऊक भरणीची आज्ञा वापरली. पोस्टग्रेसमध्ये तिला 'कॉपी' म्हणतात, मायएसक्यूएलमध्ये 'लोड डेटा'. आता काम मिनिटाच्या आत आटोपले. प्रत्येक वेळी आम्ही एकच गोष्ट बदलली. म्हणूनच कोणत्या बदलाने किती वेळ वाचला, हे कळले.

येथे एक मोह सांभाळायला हवा. एका विद्यार्थ्याने 'नोंद तबकडीवर उतरेपर्यंत थांब' ही अटच बंद केली. वेग वाढला खरा, पण भरणी चालू असताना वीज गेली आणि डेटाबेस उघडेनासा झाला. मूळ फाइल जपून ठेवली होती म्हणून वर्षाची मेहनत वाचली. हजारांच्या गठ्ठ्यात मात्र असे होत नाही. वीज गेली तर तो अपुरा गठ्ठा रद्द होतो, पक्के झालेले गठ्ठे शाबूत राहतात. भरणी संपल्यावर ओळी मोजून ५,२५,६०० भरतात का, हेही पाहावे.

फिरती तबकडी नसलेल्या नव्या साठवण-साधनांत ही वाट पुष्कळ कमी होते, पण पोचपावतीचा वेळ शून्य होत नाही.

हा प्रयोग तुम्हीही करून पाहा. एसक्यूलाइट हा डेटाबेस विनामूल्य मिळतो. त्यात १०,००० ओळी आधी एकेक व्यवहार करून भरा, मग सगळ्या एकाच व्यवहारात भरा. दोन्ही वेळा घड्याळ लावा. वेळांचे गुणोत्तर काढा आणि तुमच्या संगणकाची एक 'खेप' किती मिलिसेकंदांची पडते, ते शोधा.