गाडी घ्यायचीय? आधी धंद्याच्या वहीत बसवून बघा



मागच्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला. घरगुती मसाल्यांचा व्यवसाय. "सर, दोन लाख जमलेत. दळायचं मोठं मशीन घेऊ की गाडीचं डाउन पेमेंट भरू?" दुकानादुकानात रिक्षाने माल पोचवून त्या कंटाळल्या होत्या. डोक्यात टाटा पंच होती. मग तिचाच हिशोब मांडला. दुसरी कुठलीही छोटी एसयूव्ही असली तरी पद्धत हीच.

पंच ऑक्टोबर २०२१ मध्ये बाजारात आली. त्या मॉडेलची लांबी ३८२७ मिमी आणि इंजिन १.२ लिटरचं, तीन सिलिंडरचं. पेट्रोल गाडी चार मीटर आणि १२०० सीसीच्या आत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्केच लागतो, म्हणून हे आकडे बघायचे. जमिनीपासून उंची १८७ मिमी, आपल्या खड्ड्यांना पुरते. २०२१ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी तिला पाच स्टार मिळाले.

आता आपल्या कामाचं. पेट्रोल पंचची डिकी ३६६ लिटर, सीएनजीची २१० लिटर. सीएनजी स्वस्त पडतं म्हणून लगेच उडी मारू नका. एका खेपेचा माल दोन खेपांत गेला तर वाचलेले पैसे रस्त्यावरच संपतात. आणि टेस्ट ड्राइव्ह म्हणजे शोरूमभोवती चक्कर नव्हे. चार माणसं बसवा, चढावर नेऊन बघा. (गरम मसाल्याचा वास सीटला बसतो, तो विषय वेगळा!)

हिशोब असा. ऑन रोड आठ लाख धरा. दोन लाख भरले, सहा लाखांचं कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं. हप्ता साधारण १२,४५० रुपये. महिन्याला १००० किमी, लिटरला १५ किमी, पेट्रोल १०५ रुपये धरलं की ७,००० रुपये. विमा, सर्व्हिसिंग, टायर मिळून अडीच हजार बाजूला ठेवा. झाले जवळपास २२,०००. म्हणजे किलोमीटरला २२ रुपये!

"पण सर, धंद्याच्या नावावर घेतली की जीएसटी परत मिळतो ना?" नाही. अशा प्रवासी गाडीवर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. टॅक्सी किंवा ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्यांची गोष्ट निराळी. आयकरात मात्र गाडीवर वर्षाला १५ टक्के घसारा आणि कर्जाचं व्याज खर्चात धरता येतं, तेही धंद्यासाठी जेवढी वापरली तेवढ्याच प्रमाणात. तुमच्या सीएंना विचारून घ्या.

मी ताईंना विचारलं, "रिक्षाला महिन्याला किती जातात?" त्या थोडं थांबल्या. "साडेसहा हजार."

मशीन आलंय. गाडीचा हिशोब दिवाळीनंतर पुन्हा मांडायचा ठरलंय. शोरूमला जाताना मसाल्याची दोन भरलेली खोकी सोबत न्या, डिकीत ठेवून बघा, असं सांगून ठेवलंय.