तराजूत तोललेला माणूस

वाचन : दानीएल ५:२२-३०; लूक १९:१-१०



काजूच्या हंगामात वेंगुर्ल्याच्या बाजारात बी विकायला नेली की आपली नजर काट्यावर असते. बेलशस्सर राजाला देवाने असेच तोलले आणि तो उणा भरला. बापाला झालेली शिक्षा ठाऊक असूनही तो नम्र झाला नव्हता. त्याच रात्री तो मारला गेला.

यरीहोचा जकातदार जक्कयही उणाच होता. पण मिळालेली वेळ त्याने दवडली नाही. पाप कबूल करणाऱ्याने घेतलेले परत करून वर पाचवा हिस्सा द्यावा, असे नियमशास्त्र सांगते (गणना ५:७). जक्कयाने चौपट देऊ केले. मात्र क्रम पाहा : आधी प्रभू त्याच्या घरी उतरला, मग त्याची मूठ उघडली. परतफेडीने तारण विकत मिळत नाही. ती खऱ्या पश्चात्तापाचे फळ आहे.

कोकणातील कितीतरी कातकरी कुटुंबे उचल घेऊन कोळसाभट्टीवर, वीटभट्टीवर जातात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, तरी उचल फिटेपर्यंत अनेकांची सुटका नसते. त्यांच्यासाठी आपण दान देतो, हे चांगलेच. पण आपल्याच बागेत राबणाऱ्याची मजुरी अडवली असेल, तर ती देवाकडे ओरड करते (याकोब ५:४). दानपेटीतली नोट ती ओरड थांबवू शकत नाही.

मननासाठी : कोणाचे काय माझ्याकडे राहिले आहे? ते मी कधी परत देणार?

प्रार्थना : प्रभू, न्यायाच्या दिवसाआधी आज आम्हांला तोल, आणि आमची मूठ उघड. आमेन.