डीएनएचा आकार आणि क्षाराची संहती

रायपूरजवळील बरोंडा येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची राष्ट्रीय जैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. कीड व रोग यांमुळे पिकांवर येणारा ताण हा तिच्या अभ्यासाचा विषय होय. अशा रोगांपैकी टोमॅटोवरील लीफ कर्ल, म्हणजे पाने आखडून वळण्याचा रोग, पांढरी माशी पसरविते. त्याच्या विषाणूचा डीएनए वनस्पतीच्या पेशीत वाढताना दुपदरी वर्तुळाचे रूप घेतो. या वर्तुळात सुमारे २,७०० आधारक-जोड्या असतात. प्रत्येक जोडीमागे ०.३४ नॅनोमीटर धरल्यास त्याचा परीघ सुमारे ९०० नॅनोमीटर येतो.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मात्र असे वर्तुळ कधी मोकळ्या माळेसारखे, तर कधी पिळलेल्या दोरीसारखे दिसते. त्यावरून रेणूच निराळा आहे, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. द्रावणातील क्षार हेही या फरकाचे कारण असू शकते.

डीएनएच्या कण्यावरील फॉस्फेट गट ऋणभारित असतात व परस्परांना दूर लोटतात. क्षार कमी असता हे प्रतिकर्षण प्रबळ राहते. रेणू ताठ व पसरलेला दिसतो. सोडियमचे धन आयन वाढले की ते ऋणभार झाकतात आणि रेणूचे भाग एकमेकांजवळ येऊ शकतात. मॅग्नेशियमचा आयन द्विभारित असल्याने हेच कार्य तो अल्प प्रमाणात साधतो. १९९४ साली बेडनार व सहकाऱ्यांनी झटकन गोठविलेल्या द्रावणाच्या पातळ थरात प्लाझ्मिडचे निरीक्षण केले. तेव्हा अशा आयनांच्या वाढीबरोबर सैल पिळाचे वर्तुळ घट्ट पिळाचे होते, असे आढळले.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. ज्या वर्तुळाचा एक पदर तुटलेला आहे, त्यात पीळ टिकत नाही. ते अधिक क्षारातही मोकळेच राहते. म्हणून क्षाराची नोंद नसेल, तर मोकळे दिसणारे वर्तुळ तुटलेले की केवळ सैल, हे चित्रावरून ठरविता येत नाही.

नमुना तयार करतानाही दक्षता हवी. पानांतून डीएनए काढण्याच्या सीटॅब पद्धतीत साधारणतः १.४ मोलर मीठ असते. नंतर ७० टक्के अल्कोहोलने नीट धुतले नाही, तर त्याचा अंश मागे राहतो. जाळीवरील थेंब सुकताना पाणी उडते, मीठ उडत नाही. त्यामुळे रेणूभोवतीची संहती वाढत जाते. परीक्षानळीतील संहती आणि जाळीवरील संहती एकच नव्हे! १९५९ साली क्लाइनश्मिट व झान यांनी मांडलेल्या प्रथिन-पटल पद्धतीत पुढे अमोनियम अॅसिटेट रूढ झाले, कारण ते बाष्परूपाने निघून जाते व स्फटिक मागे ठेवत नाही.

यास्तव प्रत्येक चित्राखाली क्षाराचे नाव, संहती व सुकविण्याची रीत लिहावी. लांबी मोजायची असल्यास वर्तुळ विकराने एकाच ठिकाणी कापून सरळ करावे आणि ज्ञात लांबीचा प्लाझ्मिड त्याच जाळीवर ठेवावा. पिळलेले वर्तुळ आखूड तुकडा समजले गेल्यास विषाणूची ओळख चुकते, आणि चुकीच्या ओळखीवर दिलेला सल्ला अखेर शेतकऱ्यास महागात पडतो.