यांत्रिक करवतीच्या साखळीची झीज व तिचे निदान

मूल तालुका मुख्यतः भाताचा. तथापि सभोवार चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील सागवानी जंगल असल्यामुळे येथील शेतांच्या धुऱ्यांवरही साग, ऐन, मोह ही झाडे आढळतात. ती तोडावयाची झाल्यास १९६४ च्या वृक्षतोडविषयक अधिनियमाप्रमाणे परवानगी आवश्यक आहे काय, याची चौकशी आधी करावी. दोघांनी ओढावयाच्या करवतीची जागा आता बऱ्याच ठिकाणी चेनसॉने घेतली आहे. ती नीट कापेनाशी झाली की दोष इंजिनास दिला जातो. बहुधा तो साखळीत असतो.

निदानाचा आरंभ भुशापासून करावा. धारदार साखळी जाड ढलप्या बाहेर टाकते व स्वतःच लाकडात शिरते. पिठासारखा भुसा पडू लागला, काप करपून धूर निघू लागला किंवा करवत दाबावी लागली, तर दाते बोथट झाले असे समजावे. वाळलेल्या लाकडाचा भुसा मुळातच बारीक पडतो. म्हणून ही परीक्षा ओल्या लाकडावर घ्यावी. बोथट साखळी रेटून चालविण्यात मोठा धोका आहे. काप संपताक्षणी जोर लावलेली करवत एकदम खाली सुटते आणि कामकऱ्याच्या पायावर येऊ शकते.

सागाच्या लाकडातील सिलिकेने धार लवकर जाते. त्याहून अधिक हानी बुंध्यावरील वाळवीच्या मातीने होते. कापावयाच्या जागेची माती आधी कुऱ्हाडीने खरवडून काढणे हे काही क्षणांचे काम आहे, परंतु तेच टाळले जाते. धुऱ्यावरील झाडांत तारकुंपणाचे जुने खिळेही रुतलेले असतात.

तपासणीपूर्वी इंजिन बंद करावे व हातमोजे घालावेत. दाता उन्हात धरला असता धारेवर पांढरी चकाकती रेघ दिसल्यास तेथे धार नाही. ती रेघ नाहीशी होईपर्यंत योग्य मापाची गोल कानस आतून बाहेर चालवावी. काप एका बाजूस वळत असेल, तर डावे व उजवे दाते मोजून पाहावेत; एका बाजूचे अधिक झिजलेले आढळतील. दाते समान असूनही काप वाकडा जात असल्यास पट्टीच्या कडा झिजल्या आहेत काय ते पाहावे.

दात्यापुढील उंचवटा कापाची खोली ठरवितो. तो दात्याच्या धारेपेक्षा सुमारे ०.६५ मि.मी. खाली असावा, नेमके माप यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. तो उंच राहिल्यास धार असूनही साखळी लाकूड धरीत नाही. फार खाली कानसल्यास ती हिसके देते व पट्टीचे टोक कामकऱ्याकडे उसळण्याचा धोका वाढतो.

कड्यांचा तळ झिजून निळसर झाला असल्यास तेल पोहोचत नाही किंवा साखळी फार ताणलेली आहे. पट्टीचे टोक स्वच्छ कागदासमोर, त्यास न टेकविता, धरून इंजिन वेगाने चालवावे. कागदावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. इंजिनातून काढलेले जुने तेल येथे वापरू नये.

कडीस तडा असल्यास, रिव्हेट सैल झाल्यास किंवा दाता सुमारे ४ मि.मी. उरल्यास साखळी बदलावी. त्याच वेळी दंतचक्रही पाहावे. त्यावर अर्ध्या मि.मी.हून खोल खाचा असतील आणि तेच चक्र ठेवले, तर नवी साखळीही लवकरच खराब होते.