ओळख आणि वशिला

परीक्षेचा निकाल लागला कीं अनेक घरांतून एकच उद्गार ऐकूं येतो : "मूल हुशार आहे खरें; पण आमची कोठें ओळख नाहीं!" ह्या उद्गारांत जितकी चिंता आहे, तितकाच गैरसमजही आहे. मोठ्या हुद्द्यावर बसलेला सगासोयरा म्हणजेच ओळख, असें आपण धरून चालतों. वस्तुतः त्याला वशिला म्हणावें. ओळख ही निराळी गोष्ट आहे, आणि ती गरिबाच्या मुलालाही साध्य आहे. हें पटावें म्हणून एका थोर भारतीयाच्या चरित्रांतील कांहीं वर्षें आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

श्रीनिवास रामानुजन हे गणितावांचून इतर विषयांकडे लक्ष देत नसत. त्यामुळें ते कॉलेजच्या परीक्षेंत नापास झाले. पदवी नाहीं, म्हणून नोकरीही नाहीं! १९१० सालीं ते डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांजकडे आपल्या गणिताच्या वह्या घेऊन नोकरी मागावयास गेले. हे गृहस्थ इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे संस्थापक होते. वह्या पाहतांच, अशा बुद्धीला महसूल खात्याच्या खालच्या पायरीवर डांबून ठेवणें त्यांना रुचलें नाहीं. त्यांनीं जागा दिली नाहीं. मद्रासेंतील आपल्या गणितज्ञ स्नेह्यांना चिठ्ठ्या मात्र दिल्या. अशा रीतीनें रामानुजन नेल्लूरचे कलेक्टर रामचंद्र राव यांजपर्यंत पोंचले. रावांना प्रथम शंका आली. परंतु संभाषणानंतर ती फिटली, व त्यांनीं दरमहा मदत सुरू केली. पुढें १९१२ सालीं मद्रास पोर्ट ट्रस्टमध्यें तीस रुपयांची कारकुनी मिळाली. केंब्रिजच्या कांहीं गणितज्ञांना लिहिलेलीं पत्रें व्यर्थ गेलीं, तरी रामानुजनांनीं धीर सोडला नाहीं. १९१३ सालीं त्यांनीं प्रोफेसर हार्डी यांना पत्र लिहिलें, आणि १९१४ सालीं ते केंब्रिजला गेले. १९१८ सालीं ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले.

ह्या साखळींतील कोणीही रामानुजनांचा आप्त नव्हता, हें लक्षांत घ्यावें. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हेंच निराळ्या रीतीनें दिसून येतें. ओळखीच्या मार्फत नवी नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनीं विचारलें, "ज्यांनीं बातमी दिली, ते तुम्हांस त्या वेळीं कितीदां भेटत असत?" वारंवार भेटणारे शेंकडा सुमारें सतराच निघाले, बाकीचे अधूनमधून किंवा क्वचित् भेटणारे होते. कारण उघड आहे. रोजच्या सोबत्यांना जें ठाऊक असतें, तें बहुधा आपणांसही ठाऊक असतें. दूरचा परिचित मात्र दुसऱ्या वर्तुळांतील वार्ता आणितो.

मग विद्यार्थ्यांनीं काय करावें? प्रथम आपली "वही" तयार करावी. दाखविण्याजोगें काम हातीं नसेल, तर चिठ्ठी काय कामाची? नंतर जुने शिक्षक, शाळेचे माजी विद्यार्थी, वडिलांचे सहकारी यांना नम्रपणें भेटावें. "मला नोकरी लावा" असें न म्हणतां, "ह्या धंद्यांत काय शिकावें लागतें, आणखी कोणास भेटावें?" असें विचारावें. भेटीनंतर आभाराचें पत्र लिहावें, आणि पुढें काय झालें तेंही कळवावें. कामापुरता मामा करणाऱ्यास दुसऱ्यांदा कोणी दारांत उभें करीत नाहीं.

पालकांसही एक विनंति आहे. वशिल्यानें मिळविलेली जागा कोणा तरी अधिक लायक मुलाच्या हातून हिरावलेली असते, आणि बसणाऱ्यालाही ती आयुष्यभर टोंचते. वशिला अपात्रता झांकतो. ओळख पात्रता दाखवून देते आणि बाजूला होते. रामस्वामींनीं केलें तें एवढेंच.

आमच्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकास कोठें ना कोठें स्थान मिळेलच. त्या दिवशीं मागून येणाऱ्या एखाद्या अनोळखी मुलाची वही उघडून पाहण्यास त्यानें चुकूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.