तलवार, संगीन आणि लिहिणारा हात

3 डिसेंबर 1819 रोजी मुंबईहून निघालेली फौज रास अल खैमाहच्या किनाऱ्यावर उतरली. सेनापती सर विल्यम कीर. गोऱ्या पलटणींबरोबर मुंबई इलाख्याचे देशी पायदळही होते. कुलाब्याच्या शनिवार तेल्यांची मुले त्या काळी याच देशी पायदळात भरती होत. हवालदार, जमादार, सुभेदार हे शब्द बेने इस्राएल घरांत आले ते तिथूनच.

वेढा चालू असताना एका रात्री कवासिम लढवय्ये अंधारात बाहेर पडले आणि थेट मोर्च्यावर तुटून पडले. दोन्ही बाजूंची माणसे हातघाईवर आली. 9 डिसेंबरला शहर पडले.

तेव्हाची बंदूक तोंडाने भरायची. एक बार झाला की दारू, गोळी, गज, पुन्हा नेम. तोवर धावता माणूस अंगावर येई. मग उरे ती संगीन. अरबांकडे सरळ, दुधारी तलवार आणि लहानशी गोल ढाल. फिरकी घ्यायला मोकळी जागा मिळाली तर तलवार भारी; रांग न मोडता संगिनी पुढे राहिल्या तर संगीन भारी. रांग मोडली की शिपाई एकटा पडे.

हेच पुढच्या वर्षी ओमानात घडले. रास अल खैमाहला ठेवलेल्या फौजेचा अधिकारी कॅप्टन टॉमस पेरोनेट थॉम्पसन, अरबी जाणणारा माणूस, मस्कतच्या इमामाबरोबर बनी बू अली टोळीवर चालून गेला. 9 नोव्हेंबर 1820 रोजी टोळीवाले तलवारी उपसून धावून आले. सुमारे अडीचशे शिपाई कापले गेले. थॉम्पसनने लिहिले, की संगिनीने चाल करा असा हुकूम दिला, पण शिपायांनी चाल केली नाही, ते गोळ्या झाडत राहिले.

प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा हा मजकूर. तरी तो सावकाश वाचावा. लिहिणारा पराभूत अधिकारी होता आणि आपल्या वरिष्ठांना जबाब देत होता. पुढे त्याच्यावर लष्करी खटला चालला, आणि एवढ्याशा फौजेनिशी अविचाराने चाल केल्याबद्दल त्याला जाहीर ठपका मिळाला. ज्यांच्यावर त्याने बोट ठेवले, त्यातले बहुतेक तिथेच वाळूत पडले होते. त्यांचा जबाब कोणी घेतला नाही.

1835 मध्ये हिंदी आरमाराचा लेफ्टनंट वेलस्टेड त्याच टोळीत पाहुणा म्हणून गेला. त्याचे चांगले आदरातिथ्य झाले. एकाच टोळीची ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत.

अमिरातीत लग्नाला किंवा राष्ट्रीय दिनी अय्याला नाच होतो. पुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर, हातात बारीक काठ्या. त्या काठ्या म्हणजे भाले-तलवारीच. फक्त इथे रांग मोडत नाही.

घरचा अभ्यास: घरात कोणी पलटणीत होते का, ते आजी-आजोबांना विचारा. ते सांगतील तसेच, त्यांच्याच शब्दांत, मराठीत लिहून आणा. सांगणाऱ्याने ते स्वतः पाहिले की ऐकले, हेही लिहा.